साखरेच्या तपासणीत दोनदा नापास

सन्माननीय अध्यक्ष मोठे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, दवाखान्याचा सगळा स्टाफ आणि समोर जमलेले सगळे लहानथोर. एवढं रिसेप्शनवरच्या मॅडमनी लिहून दिलं होतं, पुढचं माझं मला. तिसऱ्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्यात, मांडीवर आमची पोरगी आहे. पोरगी रडली तर समजून घ्या. सासूबाई मधेच बोलल्या तरी समजून घ्या.

आज आपल्या सुईताई रिटायर होतायत. तीस वर्षं ह्या लॅबमध्ये त्यांनी माणसांचं रक्त काढलं. आणि ज्यांचं काढलं तीच माणसं आज फुलं घेऊन आलीत. असं दुसरं कुणी आहे का सांगा.

मी शिकलेली पाचवीपर्यंत. परीक्षेची मला पहिल्यापासून भीती. सहाव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात कधीकधी साखर वाढते, बाळाला त्रास होतो, रक्त तपासून घे. मला वाटलं, ही पण परीक्षाच. मग मी काय केलं? तीन दिवस नुसती काकडी खाल्ली.

ताईंनी रक्त घेतलं, गोड पाणी पाजलं, परत रक्त घेतलं. उठताना माझे डोळे फिरले. ताईंनी धरून बसवलं.

"काल काय खाल्लंस गं?"

"काकडी."

"आणि परवा?"

"काकडीच."

"हे शहाणपण कुणाचं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी पंख्याकडे बघितलं.

रिपोर्टात साखर वाढलेली. मला काही कळेना, उपाशी राहून वाढली कशी? ताई म्हणाल्या, "अगं, तीन दिवस पोटाला काही नाही आणि एकदम पेलाभर साखर. शरीर गडबडणारच. ह्या रिपोर्टावर माझा भरवसा नाही. तीन दिवस रोजच्यासारखं जेव आणि परत ये."

जेवले, आले. तरी वाढलेलीच. म्हणजे मी कॉपी करूनही नापास आणि कॉपी न करताही नापास.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात असलं कुणालाच नाही."

ताई म्हणाल्या, "कुणी तपासलंय? बसा. हात पुढे करा."

एक तपासणी असते, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते. सासूबाईंची ती केली. त्यात साखर निघाली, आणि बिस्किटांचा डबा कोण संपवत होतं तेही निघालं. तेव्हापासून आम्ही दोघी रोज संध्याकाळी चालायला जातो. माझा नवरा ड्रायव्हर आहे. तो म्हणतो, आधी बसून भांडायच्यात, आता चालत भांडता, एवढाच फरक. पण साखर ताब्यात राहिली, आणि पोरगी धडधाकट झाली.

आता एक कबूल करायचंय. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासायचं असतं. ताईंनी मला दोनदा फोन केला. एकदा मी म्हटलं, पाहुणे आलेत. एकदा म्हटलं, पोरीला सर्दी आहे. दोन्ही खोटं. भीती वाटते हो. गरोदरपणात आलेली साखर मागे राहिली असली तर? पोरगी आत्ता कुठे मान धरायला लागली. ती मोठी होईपर्यंत मला माझे डोळे, पाय, सगळं धड पाहिजे. तपासलंच नाही तर काही निघणार नाही, असं मी मनाला समजावत बसले.

ताई, तुमची ड्यूटी आज दुपारी संपते. उद्यापासून दुसरं कुणी असेल, त्यांच्यापुढे माझा धीर होणार नाही. मी रात्रीपासून काही खाल्लेलं नाही. पहिलं रक्त आत्ता घ्या आणि गोड पाणी द्या. त्यानंतर दोन तास एका जागी बसायचं असतं. कार्यक्रमाच्या कागदावर अजून सात भाषणं आहेत, साहेबांचं धरून. वेळ बरोबर जमेल.

माझ्यासारखीला बोलायला उभं केलंत, फार बरं वाटलं. साहेब, पाहुणे, सासूबाई, कुणाला काही लागलं असेल तर आपलीच पोर म्हणून सोडून द्या. मी खाली येतेय, ताई. डावी बाही वर केली आहे.