मागच्या दारावरची गाडी

अंबडच्या स्टँडवर घनसावंगीची जीप भरली होती. पुढं ड्रायव्हर बिभीषण आणि त्याच्याशेजारी सुग्रीव पेंटर, दोघं मोबाइलवर एका स्पोर्ट्स कारचं नवं मॉडेल बघत होते.

“हे काय थोबाड? चांगले गोल डोळे होते, पार चिरून टाकले!”

“जमाना बदलला, बिभीषण.”

“जमाना गेला खड्ड्यात! पाठीमागून तर म्हशीवानी दिसून राह्यली.”

“तू कधी बसला का तिच्यात?”

“बसायचं कशाला? तूच जुनी माझ्या जीपच्या मागच्या दारावर काढली न्हाई का?”

“मंग ती पुसून नवी काढून देतो.”

“खबरदार! तिला हात तर लावून बघ!” बिभीषणनं किल्ली फिरवली, जीप नुसतीच घुरघुरून बंद पडली.

“हात तर रोजच लावतो, बाबा. उतरा हो समदे, धक्का मारायचाय.”