औषध उतरायच्या आत

मी, वय ३८, धंदा नोकरी, प्रयोगशाळेत उंदरांच्या हालचाली मोजणे, राहणार बस डेपोच्या मागे, पहिला मजला, आई आणि दादासोबत. ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, माझी आई, वय ७१, आज दुपारी घरातून निघून गेली असून सापडत नाही.

आईला कंपवात आहे. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन कमी पडले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गोळीने ती उणीव थोडा वेळ भरून निघते. प्रयोगशाळेत आम्ही उंदरांचे हेच रसायन कमी करतो. असा उंदीर पेटीच्या कोपऱ्यात बसून राहतो. औषध दिले की भिंतीच्या कडेकडेने चालतो. मात्रा वाढवली की मधल्या मोकळ्या जागेत येऊन सगळीकडे हुंगत फिरतो. त्याला आम्ही सुधारणा म्हणतो.

आई महिनाभर खुर्चीतून धड उठली नव्हती. मला ते बघवत नव्हते. डॉक्टरांनी एका वेळी एक गोळी सांगितली होती. आज जेवणानंतर मी दोन दिल्या. दादाला विचारले नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई म्हणजे काय तुझा उंदीर आहे का?" हे लिहू का, असे हवालदारांनी विचारले. लिहा.

गोळ्या लागू पडल्या. आई आपली आपण उठली, केस विंचरले. "अगं, किती दिवसांनी अंग हलकं वाटतंय," म्हणाली. मी मोबाईलवर तिचे चालणे टिपले, कामाची सवय. मग चहा ठेवायला आत गेले. दाराला कडी घातली नाही. आमच्या पेटीला दार नसते, त्यामुळे फिरायला लागलेला जीव बाहेर जाईल हे डोक्यातच आले नाही. येऊन पाहते तो दार सताड उघडे, चपला जागेवर.

खालचा दुकानदार म्हणाला, "काकू रस्ता ओलांडून गेल्या, ताई. हाक मारली तर हसल्या नुसत्या."

एवढी म्हातारी बाई कितीशी लांब जाणार, असे हवालदारांचे म्हणणे आहे. ती चालते आहे तोवर मला भीती कमी आहे. अंधार पडायच्या सुमारास औषध उतरेल. मग ती असेल तिथेच थिजेल, रस्त्याच्या मधोमध असली तरी. गाडीचा भोंगा तिला ऐकू येईल, गाडी दिसेल, पण पाऊल उचलणार नाही.

जबाब वाचून दाखवतो, असे हवालदार म्हणाले. वाचू नका. मी सांगितले तेच लिहिले असेल, सही करते. साहेब, आधी गाडी काढा.