ताईसाठी थांबलेल्या गाड्या

जॉर्डनमधल्या अजलून गावच्या बेकरीत रोट्यांच्या रांगेत माझ्यापुढे पन्नाशी उलटलेली एक बाई होती, पाठीवर भली मोठी सॅक, आणि शेजारी तिला न्यायला आलेला धाकटा भाऊ.

"ताई, उम्म कैसहून चार दिवस चालत आलीस. दारात दोन गाड्या उभ्या आहेत."

"मला चालायचं होतं, फव्वाज."

"कालपासून अकरा फोन आले. बहिणीला घराबाहेर काढलंस का, विचारतात."

"मलाही गाड्या थांबवून तेच विचारत होते. एकानं तर बळंच चहा पाजला, म्हणाला नवऱ्याशी समेट करून देतो. त्याला जाऊन सहा वर्षं झाली."

"मग बसायचंस ना त्याच्या गाडीत. या वयात हे खूळ कसलं?"

"लहानपणी डोक्यावर पाण्याचा डबा आणि कडेवर तू, अशी रोज दोनदा गावात येणारा हाच चढ चढायचे. तेव्हाही गाड्या जायच्या. एकही थांबली नाही."

"तेव्हाचं वेगळं. तेव्हा काम होतं."

"हो ना. आता हात रिकामे दिसले, तर सगळ्यांना माझी दया आली. घे, आपला नंबर आला. आणि रोट्या तूच उचल."