नऊ झेंड्यांची बारी

वहिनी, अध्यक्ष बोरकर साहेब, आसगावहून आलेली लांजेवार भाऊंच्या घरची मंडळी, आणि आपल्या वसाहतीतले सगळे.

या सभागृहात एवढी माणसं मी पहिल्यांदा पाहतो आहे. व्हरांड्यातही सतरंज्या टाकाव्या लागल्या. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मग हो म्हणालो. दोन्ही वेळा कारण एकच होतं. ते कारण आज सांगायचं आहे, आणि ते सांगणं मला सोपं जाणार नाही. अडखळलो तर जरा सांभाळून घ्या.

आत येताना बोरकर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊंच्या स्वभावाबद्दल बोला. मैदानाचा विषय आज नको." साहेब, मी तसा प्रयत्न केला. काल दुपारी कागद घेऊन बसलो. मैदान वगळलं तर चार ओळींच्या पुढे जाता येईना.

आसगावच्या मंडळींना आमची वसाहत नवी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. इथे नोकरीतून निवृत्त झालेली माणसं राहतात. घरांच्या मधोमध गोल्फचं मैदान आहे. नऊ खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक झेंडा, भोवती कापलेलं मऊ गवत, कडेला जुनी मोहाची झाडं. खेळणारे आम्ही वीस-पंचवीस जण. न खेळणारी घरं त्याच्या कितीतरी पट. मैदान सगळ्यांच्या खिडकीतून दिसतं. पाय ठेवायची परवानगी फक्त खेळणाऱ्यांना.

लांजेवार भाऊ इथे राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी उभे होते. मी खेळून परत येत होतो. मला म्हणाले, "साहेब, आमच्या आसगावले रस्त्यात खड्डा पडला त लोकं ग्रामपंचायतीत भांडाले जाते. तुमी त खड्ड्यावर झेंडा लावून राहिले."

मी हसलो. ते हसले नाहीत. कुंपणावर हात ठेवून गवताकडे पाहत म्हणाले, "इच्यासाठी बरं होते."

इच्यासाठी म्हणजे वहिनींसाठी. वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण सिमेंटवर नको, मऊ जमिनीवर. आपले आतले सगळे रस्ते सिमेंटचे. मऊ जमीन दोनच ठिकाणी. एक मैदानावर. दुसरी फाटकाबाहेर, तुमसर रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे की ते दोघं कुठे चालायचे.

भाऊंनी तक्रार केली नाही. भाऊ पाटबंधारे खात्यात होते. उभी नोकरी कालव्यावर, आणि काम एकच, पाण्याची बारी लावणं. कालवा एक, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, शेकडो. कोणाच्या बांधीत कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत पाणी जाईल, ते ठरवायचं आणि पाळायला लावायचं. ते मला म्हणाले होते, "पाणी कमी नसते, पेपरवाले. बारी नसते." मी वर्तमानपत्रात होतो, म्हणून मला पेपरवाले म्हणायचे.

मग एक दिवस ते मैदान पाहणाऱ्या आपल्या समितीपुढे, म्हणजे बोरकर साहेब, मी आणि आणखी तिघांपुढे आले. हातात शाळेच्या वहीचं एक पान. त्यावर नऊ झेंडे काढलेले. म्हणाले, "तुमी लोकं सकाळी पहिल्या झेंड्यापासून सुरू करता. पाचव्यावर पोचाले तुमाले तासभर लागते. तवा शेवटचे चार झेंडे रिकामे राहते. ते आमाले द्या. तुमी पाचव्यावर पोचले का आमी उठून तुमच्या मांगं, पहिल्या चार झेंड्यांवर येतो. तुमी समोर, आमी मांगं. कोणी कोणाले आडवं येत नाही."

कालव्याच्या शेवटच्या टोकाला असतो त्याला पाणी आधी द्यायचं, हे त्यांचं जुनं सूत्र. इथे टोकाला चालणारे होते.

समितीला भीती होती आणि ती खोटी नव्हती. हे मी आजही म्हणतो. गोल्फचा चेंडू कडक असतो, लागला तर डोकं फुटतं. खेळणाऱ्यांनी पदरचा वेळ घालून ते गवत वाढवलेलं आहे. बोरकर साहेब उन्हाळ्यात स्वतः नळी धरून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. पण भाऊंच्या त्या पानात कोणालाच चूक सापडेना. शेवटी दिवाळीनंतर आठ दिवस करून बघायचं ठरलं.

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. सकाळी भाऊ पाचव्या झेंड्याजवळ उभे. सगळे खेळणारे तिथे पोचले की झेंड्याच्या काठीला आपला दुपट्टा बांधायचे. दुपट्टा दिसला की चालणारे उठून पहिल्या चार झेंड्यांकडे जायचे, आणि मगच खेळणारे सहाव्याकडे निघायचे. चार दिवस एकदाही गडबड झाली नाही. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मेश्राम सिस्टर त्या गवतावर चपला हातात घेऊन चालायच्या. वहिनी तिसऱ्या दिवशी काठीशिवाय चालल्या.

पाचव्या दिवशी सातव्या झेंड्यापाशी एक चेंडू येऊन पडला. वहिनींच्या पावलापासून हातभर अंतरावर. त्या दचकून खाली बसल्या. सिस्टरांनी त्यांना उठवलं. मधे मोहाची झाडं, त्यामुळे मारणारा कोणाला दिसला नाही. त्याच संध्याकाळी समिती बसली. सिस्टर आमच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "चेंडूले डोये नसते, मान्य. मारणाऱ्याले त असते ना?" तरीही चालणारे वेळ संपल्यावरही तिथे थांबले असणार, असं आम्ही धरून चाललो. बारी बंद झाली.

अहवाल मी लिहिला. लिहायचं काम नेहमी माझ्याकडेच येतं. त्यात एक वाक्य आहे, "चालणाऱ्यांनी ठरलेली वेळ पाळली नाही." ते वाक्य माझं आहे.

तो चेंडूही माझा होता.

कृपा करून मला बोलू द्या. बोरकर साहेब, बसा. दोन मिनिटं बसा.

त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. माझे सोबती चौथ्या झेंड्यावर पोचले होते. पहिल्यापासून खेळत त्यांना गाठणं शक्य नव्हतं. मी विचार केला, सहाव्यावर जाऊन एक-दोन चेंडू मारू, तोवर ते येतीलच. झाडांआडून पाहिलं, पाचव्याच्या काठीवर दुपट्टा नव्हता. म्हणजे सहावा, सातवा, आठवा, नववा, हे सगळे त्या वेळी चालणाऱ्यांचे होते. मला माहीत होतं. मारला. ओरडण्याचा आवाज आला तेव्हा मी झाडांच्या मागून घरी निघून गेलो.

त्याच संध्याकाळी मी समितीत बसून ते वाक्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या दारात. हातात चेंडू. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून मी त्यावर लाल शाईचे दोन ठिपके काढतो.

"हा तुमचा ना, पेपरवाले?"

मी हो म्हणालो.

"सहाव्यापासून मारला?"

"उशीर झाला होता, भाऊ."

मला वाटलं, आता शिव्या पडतील. पडायलाच हव्या होत्या. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "कालव्यावर असंच होते. लोकाले वाटते चोर बारी मोडते. चोर नाही मोडत. घाईतला भला माणूस मोडते."

मी म्हणालो, "पुढच्या बैठकीत मी सांगतो."

"तुमीच सांगा. मी सांगतलं त भांडण होईन. तुमी सांगतलं त दुरुस्ती होईन."

चेंडू माझ्या हातात ठेवून ते गेले. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. वहिनी, तुम्हालाही सांगितलं नसावं. तुमच्या चेहऱ्यावरून मला ते आत्ता दिसतं आहे.

पुढची बैठक झाली. मी बोललो नाही. फाटकाजवळ भाऊंनी विचारलं, "सांगतलं का?" मी म्हणालो, आज विषय निघाला नाही. त्याच्या पुढच्या बैठकीनंतर पुन्हा विचारलं. मी म्हणालो, बोरकर साहेबांची तब्येत बरी नव्हती. तिसऱ्या बैठकीनंतर त्यांनी विचारलं नाही. फक्त नमस्कार केला.

उभा जन्म मी ठरलेल्या वेळेला मजकूर दिला. पूर आला तरी दिला, घरात माणूस आजारी असताना दिला. आणि इथे एक वाक्य दुरुस्त करायला मला अडीच महिने पुरले नाहीत. काहून? लाज वाटली म्हणून. मैदानावरचे चार मित्र काय म्हणतील म्हणून. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. मी शोधून पाहिलं.

ते अडीच महिने वहिनी आणि भाऊ रस्त्याच्या कडेने चालत राहिले. भाऊ नेहमी रस्त्याच्या बाजूला, वहिनी आत मातीवर. त्या दिवशी सकाळी धुकं होतं. मागून धानाची पोती भरलेली ट्रॉली आली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. वहिनींना खरचटलंही नाही. भाऊंनी त्यांना आत ढकललं होतं.

ट्रॉली मी चालवत नव्हतो. धुकं मी आणलं नाही. दोन दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. पण ती माणसं त्या रस्त्यावर कशामुळे होती, हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

वहिनी, मी माफी मागायला तुमच्या घरी यायला हवं होतं. आधी तिथे आणि मग इथे. तेवढंही मला जमलं नाही. जे चारचौघांत खोटं लिहिलं ते चारचौघांतच खोडावं, असं मला वाटलं. ते चुकलं असेल तर तेही माझंच.

आता थोडंच राहिलं आहे.

माझ्या आधी बोरकर साहेबांनी जाहीर केलं की भाऊंच्या स्मरणार्थ पहिल्या झेंड्याजवळ बाक बसवणार. साहेबांचा हेतू चांगला आहे. पण तुम्ही बोलत असताना माझ्या मागून सिस्टरांचा आवाज आला तो मी ऐकला. "त्या बाकावर बसाले पास लागन काय?" काही जण हसले. मला हसू आलं नाही. ज्या गवतावर त्या माणसाला पाय ठेवू दिला नाही, तिथे त्याच्या नावाचा बाक बसवायचा आणि त्याच्या बायकोने तो खिडकीतून पाहायचा? साहेब, तुम्हीच सांगा.

अजून एक गोष्ट. वहिनींना डॉक्टरांनी चालणं थांबवू नका असं परवा पुन्हा सांगितलं आहे. उद्या सकाळी त्या कुठे चालतील? मला आज एवढंच ठरवून हवं आहे.

शोकप्रस्ताव लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. मी तो लिहिला आहे. तीन ओळींचा आहे. वाचतो.

"लांजेवार भाऊंच्या जाण्याने ही वसाहत एका न्यायी शेजाऱ्याला मुकली आहे. मैदानावर त्यांनी लावलेली बारी चालणाऱ्यांनी मोडली नव्हती, ती समितीच्या एका सदस्याने मोडली, आणि चालणाऱ्यांना दोष देणारं अहवालातलं वाक्य आज त्याने मागे घेतलं आहे. ती बारी उद्या सकाळपासून पुन्हा सुरू होत आहे."

आपल्याकडे शोकप्रस्तावाला कोणी हात वर करत नाही. सगळे उभे राहतात, मौन पाळतात, आणि प्रस्ताव मंजूर धरला जातो. आजवर आपण सवयीने उभे राहिलो. आज सवयीने उभं राहू नका. समितीचे पाचही जण या खोलीत आहेत. माझी जागा मी आज सोडतो आहे, पण त्याआधी माझं मत देतो. उरले चार, त्यातले दोघं उठले तरी बारी सुरू होते. ज्यांना प्रस्ताव मान्य असेल त्यांनीच उभं राहावं. ज्यांना मान्य नसेल त्यांनी बसून राहावं, भाऊंबद्दलचा त्यांचा आदर कमी आहे असं मी समजणार नाही.

वहिनी, तुम्ही उठू नका. गुडघ्यांना ताण पडेल, आणि तुमचं मत आम्ही विचारायला हवं होतं ती वेळ केव्हाच होऊन गेली.

भाऊ, सांगितलं. उशिरा सांगितलं.

मी आता डोळे मिटतो. कोण उठलं, कोण नाही, ते मी पाहणार नाही. दोन मिनिटं शांतता पाळू या.