चौकातली भिंत

पावाच्या रांगेत उभ्या असलेल्या नीवेसला पुढचं सगळं ऐकू येत होतं. नगरपालिकेतला कोर्रादो परवाच विधवा झालेल्या झेलिंदाला समजावत होता.

"मावशी, काकांचं निधनपत्रक चौकातल्या भिंतीवर नको. पर्यटक तिथे बुरुजाचे फोटो काढतात."

"काढू देत. इथे माणसं राहतात आणि मरतात, हेही बघून जाऊ देत."

"दफनभूमीच्या फाटकाशी लावा ना."

"तिथल्यांना बातमी आधीच कळली असेल! रोज सकाळी ह्यांनी त्याच भिंतीवर अख्ख्या गावाची पत्रकं वाचली. आता गाव ह्यांचं वाचेल."

"मला ते काढावं लागेल."

"काढ. मी दुसरं लावीन. पिएरा, खळीसाठी मूठभर पीठ दे गं."

बेकरीवाल्या पिएराने पिठाची पुडी बांधली.

"आणि कोर्रादो, तू उंच आहेस. वरचा कोपरा तू चिकटव."