परत करायचं पिस्तूल

झाशीच्या कचेरीत, शस्त्र परवान्याच्या रांगेत, लीलाच्या मागे एक म्हातारं जोडपं हळू आवाजात मराठीत बोलत होतं.

“एवढं महागाचं, तेही वापरलेलं पिस्तूल. महिन्याभरात परत करतोय म्हटल्यावर दुकानदार हसेल, सावित्री.”

“हसू दे.”

“चोर पुन्हा आले तर?”

“आपल्या जनूला मारून गेले. आता काय न्यायला येतील?”

“मग घेताना हो कशाला म्हणालीस?”

“तेव्हा तुम्हाला चोरांची भीती होती. आता रोज ते घेऊन त्याच्या फोटोसमोर बसता.”

“पुसत असतो.”

“मी गोळ्या लपवल्यात.”

“ठाऊक आहे.”

“कसं?”

“काल दिवसभर शोधत होतो.”

खिडकीतून लीलाचं नाव पुकारलं गेलं. ती बाजूला सरली.

“काका, आधी तुम्ही जा,” ती मराठीत म्हणाली.