काठीवर बसायचं नाही

—आणि ती काठी आधी बर्फात खुपस! हात मोकळे ठेव. आपल्या मॉर्गेदाल गावात काठीवर रेलून उतरणाऱ्याला काय म्हणतात, सांगितलं नाही तुझ्या बापानं? कसं सांगेल! हं, बघ – डावीकडे वळायचं तर उजवी स्की पुढे. मागची टाच उचल, गुडघा खाली, अजून खाली – अगं, चर्चमध्ये टेकल्यासारखा नव्हे! आणि मागचा पाय नुसता फरफटतोय, त्याच्यावरही भार दे, तो काय पाहुणा आलाय? पडलीस? पडणारच. ऑस्लोची माणसं! ऊठ. रडतेस कशाला, तुझा बापही असाच रडका – अकरा वर्षांचा होता स्वाइनुंग, हाच उतार, ईस्टरची शर्यत, सगळं गाव खाली उभं, आणि हा काठी दोन पायांत धरून, तिच्यावर बसून खाली आला! माझा मुलगा! मग? मग काय, घेतली काठी आणि मोडली गुडघ्यावर, सगळ्यांदेखत. म्हटलं, माझ्या घरात म्हातारी जन्मली. लोक हसले. मीही हसलो. त्यात काय एवढं? त्यानं पुन्हा म्हणून स्की बांधली नाही. एकोणिसाव्या वर्षी गेला तो गेला – आणि आज तीस वर्षांनी आलाय तर खाली गाडीत काच वर करून बसलाय. बसू दे! तिघांपुरता पाव कापून ठेवलाय सकाळी, चीज लावून... खाईल कुत्रं.

थांब. हे जमलं. पुन्हा कर. हं – वाईट नाही. तोही असाच वळायचा, माहितेय? शर्यतीच्या आदल्या आठवड्यात, एकटाच, काठीबिठी काही नाही. खिडकीतून पाहिलं होतं मी. बोललो नाही.

काय? माझ्या हातात? काठी आहे, दिसत नाही? गुडघा गेलाय, दोन हिवाळे झाले. चढायला लागते. उतरायला? उतरायलाही लागते! झालं समाधान? बसतो तिच्यावर, म्हातारी बसते तसा – कुणी बघत नसलं की.

नाही, मी बरोबर येणार नाही. तू उतर, बापाला म्हण, गाडी काढ. ती वळणापलीकडे गेली की मग मी – सिग्ने! हाक मारू नकोस त्याला! हात खाली कर – दार उघडलं त्यानं. अगं, वर बघतोय तो. जा, अडव त्याला. जा म्हणतो ना!